प्रतिसाद: कोकण रेल्वे आणि दंडवते

वर कुणीतरी कोकण रेल्वेचं सगळं श्रेय जॉर्ज फर्नांडिसांना देऊन टाकलंय. जॉर्ज यांचा वाटा मोठाच, पण मधु दंडवत्यांना वगळून कसं चालेल? राजापूरहून १९७१ पासून ते सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले. जनता सरकारात रेल्वेमंत्री असताना १९७८ साली कोकणाकडे जाणाऱ्या आपटा-रोहा मार्गाला मंजुरी मिळाली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा जॉर्ज रेल्वेमंत्री होते, तर दंडवते अर्थमंत्री. तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे होत्या ते बघा की!

मला स्वतःला मात्र त्यांचं दुसरंच काम जास्त मोलाचं वाटतं. तोवर दुसऱ्या वर्गात रात्रभर लाकडी फळीवर अंग टाकावं लागे. सकाळी उठलं की पाठ धरलेली. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घातला. मूळचे सिद्धार्थ कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे बोलणं मोजकं आणि मुद्देसूद. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांनाही त्यांनी परत कामावर घेतलं.

आणि एवढं करून १९९१ ला त्याच राजापुरात पडले. रेल्वे धावायला लागली ती त्यानंतर.