आयुष्य कशासाठी, हे कौलाने ठरवावं का?

धागाकर्ता (देवगड):
लग्न, विहीर, घर यांचा कौल, म्हणजे देवाचा होकार-नकार, कोकणात घेतला जातोच. पण मुलाने मुंबई गाठावी की बागेत राहावं, हेही ग्रामदेवतेला विचारतात. गुरव भिजवलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ पाषाणावर लावतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला प्रश्न बोलून दाखवतो. साधारणपणे उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आयुष्याचा हेतू तिथे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. छांदोग्य उपनिषद (३.१४.१) माणसाला 'क्रतुमय' म्हणतं: इथे जसा निश्चय, तसा तो इथून गेल्यावर होतो. निश्चयच दुसऱ्यावर सोपवला तर माणूस घडणार कशाने?

प्रतिसाद (गुहागर):
पटलं नाही. तुम्ही ज्याला निश्चय म्हणता त्यात निम्मी नुसती ओढ असते. शेजाऱ्याने हापूसची कलमं लावली, म्हणून आपणही. गाऱ्हाण्यात प्रश्न चारचौघांसमोर, एका वाक्यात सांगावा लागतो. 'जाऊ की राहू' असा जोडप्रश्न केला तर उजव्याचा अर्थच लागत नाही. 'जावं का' एवढंच विचारायचं. तेवढ्यानेच मन बरंच निवळतं. बिघडतं ते पुढे, डावा आल्यावर उजवा येईपर्यंत पुन्हा लावायला सांगतात तेव्हा.

धागाकर्ता:
पुन्हा लावायला सांगणाऱ्याचं मन आधीच ठरलेलं असतं, मग ते उघड का बोलू नये? त्यासाठी आपल्याकडे संकल्प आहे. उजव्या तळव्यावर पाणी, देशकाल, नाव-गोत्र, हेतू, आणि 'करिष्ये' (मी करीन) म्हणून पाणी ताम्हनात. हे क्रियापद आत्मनेपदी आहे, फळ कर्त्याकडे येतं. आपण मात्र गुरुजींमागून शब्द पुटपुटतो आणि हेतू ऐकतही नाही. तो मराठीत बोलावा, मोजता येईल असा ठेवावा: 'मन शांत ठेवीन' नको, 'महिनाभर रोज पहाटे अर्धा तास जप' हवा. मोडला तर कुठे मोडला ते दिसतं.

प्रतिसाद (सावंतवाडी):
'करिष्ये' गीतेतही आहे. १८.६३ मध्ये कृष्ण म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', लगेच १८.६६ मध्ये 'मामेकं शरणं व्रज', आणि १८.७३ मध्ये अर्जुनाचं उत्तर, 'करिष्ये वचनं तव'. मोकळीक मिळाल्यावर त्याने शरण जाणं निवडलं. म्हणून कौल घेणारा दुबळाच, हे मला मान्य नाही. शिवाय १८.१४ कर्माची पाच कारणं सांगतं: अधिष्ठान (शरीर), कर्ता, करण (इंद्रियं), चेष्टा (हालचाली), दैव. धागाकर्त्यांच्या हिशेबात पाचवं कुठेच नाही.

धागाकर्ता:
आहे, पण शेवटी. आधीची चार पुरी न करता पाचव्याला विचारणं मला चुकीचं वाटतं.

प्रतिसाद (गुहागर):
आणि चार पुरी झाली, हे ठरवणार कोण? तोच कर्ता ना?