पूर उतरल्यावरच्या कामाला पोरं तयार कशी करायची?

घाटावरचा
गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावर. मंडळात 18 ते 23 वयाची बावीस पोरंपोरी आहेत. चौघांनी आपदा मित्रचं (आपत्तीत मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांची सरकारी योजना) 12 दिवसांचं प्रशिक्षण केलंय. दोर, लाइफ जॅकेट, सीपीआर सगळं येतं. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली, तेव्हापासून आमच्याकडं तयारी म्हटलं की बोटच आठवते. पण पाणी उतरल्यावरचे पंधरा दिवस? 2021 ला मीच सगळ्यांना हुकूम सोडत होतो. तिसऱ्या दिवशी माझा घसा बसला आणि कामही बसलं. माझ्याशिवाय चाललं पाहिजे. काय शिकवू?

निवृत्त_ग्रामसेवक
अरे, आधी रजिस्टर शिकव, खराटा नंतर.

2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. आमच्या गावात ते उतरलं तशी बाहेरून दमदार पोरं आली. गाडी धुवायचा पंप लावून एका म्हातारीचं घर दोन तासांत आरशासारखं केलं. म्हातारी खूश, आम्हीही खूश. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पथक आलं. "पाणी कुठवर होतं?" भिंत चकाचक! शेवटी तिजोरीचं कपाट ओढलं, तर मागं चिखलाची रेघ तशीच होती, माझ्या छातीला लागेल एवढी. त्या रेघेवर तिचं निभावलं. तेव्हापासून माझा नियम: भिंतीला पाणी मारण्याआधी फोटो. फोटोत रेघ, दाराची चौकट आणि घरमालक, तिन्ही पाहिजेत. भिजलेलं धान्य, शिलाई मशीन, मोटर फेकण्याआधी त्यांचेही.

दुसरं, गल्ली वाटून दे. एका गल्लीला दोघं, त्यातली एक पोरगी हवीच. बायका आतल्या अडचणी पोरांना सांगत नाहीत. रजिस्टरात घर, माणसं, शुगर-बीपीच्या गोळ्या कुणाला, जनावरं किती, आणि काय मिळालं ते तारखेनिशी. मदतीचा टेम्पो डांबरी सोडून आत येत नाही, त्यामुळं रस्त्यावरच्या घरांना तीनदा बिस्किटं आणि मळ्यातल्या वस्तीला काहीच नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टेम्पोवाल्याला "आज कपडे नकोत, फिनेल आणि खराटे पाठवा" असं तोंडावर सांगायची हिंमत त्या दोघांत पाहिजे. जुन्या कपड्यांचे ढीग उचलण्यातच आमचे दोन दिवस गेले होते.

आणि तू गप्प बसायला शीक. उन्हाळ्यात एक दिवस लुटुपुटूचा पूर आणा, तू फोन बंद करून दुसऱ्या गावाला जा. काय अडतंय ते संध्याकाळी कळेल.

सांगलीवाडीची
काकांशी सहमत, पण तब्येतीचं राहिलंच की. आमची पोरं स्लीपरवर चिखलात. एकाच्या टाचेला पत्रा लागला, "काय होतंय" म्हणाला, आठवड्यानं तापानं फणफणला. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि जखमेतून शिरतो. गमबूट नसेल त्यानं चिखलात उतरायचं नाही, मग तो पुढारी असो. त्यावरच्या डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या आरोग्य केंद्रात विचारून, मनानं नाही. आणि पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, कशी करतात ते ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून शिकून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. मीटरची पेटी मात्र वायरमन आल्याशिवाय कुणी उघडायची नाही.

पाटणकर_21
आमच्याकडं पाटण तालुक्यात जुलै 2021 ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या. दरडीत धुवायला काही उरत नाही. सातबारा हातात असतो, पण बांध कुठं गेला कळत नाही. शाळेत मुक्कामाला असलेल्या लोकांजवळ आमची पोरं नुसती बसायची, कागद भरून द्यायची. सुरुवातीला त्यांना वाटायचं आपण कामच करत नाही. "तुमचं कोण गेलं?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस पुन्हा विचारायचा. तो पोरांनी बंद पाडला. एकदा लिहिलेलं तेच पुढच्याला दाखवायचे. हे शिकवाच.

घाटावरचा
काका, काल रजिस्टर आखलं. अकरा जोड्या, अकरा गल्ल्या. पोरी सातच आहेत, म्हणून बचत गटातल्या चौघींना विचारलं, तयार झाल्या. चार पोरं राखीव ठेवलीत, टेम्पो अडवायला. फोन बंद ठेवायचा दिवस मेमधला धरलाय, पण बायको म्हणते दुपारपर्यंतच टिकशील. आणि खालच्या आळीची गल्ली कुणी घेईना, तिथली कुत्री फार वाईट आहेत.

निवृत्त_ग्रामसेवक
ती त्या आळीतल्याच पोराला दे. कुत्री ओळखतात.