सुट्टी पडली नाही, तरी दुखापतीची नोंद करावी काय?

प्रश्न: चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये मी हजेरी व हिशेब पाहतो. पत्र्याची धार लागून एका कामगाराच्या तळहाताला टाके पडले, परंतु तो दुसऱ्या दिवशी कामावर आला. सुट्टी नाही म्हणून नोंद नको, असे पर्यवेक्षक म्हणतात. हे योग्य आहे काय?

उत्तर १: मुळीच नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ मधील जखमी कामगाराचे काम ४८ तास बंद राहण्याची अट ही अधिकाऱ्यांना अपघाताची सूचना देण्यासंबंधी होती, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची अपघात नोंदवही त्याहून वेगळी असून, कामावर झालेली दुखापत तीत लिहिली की कामगाराने रीतसर सूचना दिली असे धरले जाते.

उत्तर २: उद्या जखम चिघळून बोट आखडले, तर अपंगत्व लाभ मागताना त्या कामगाराच्या हाती दुसरा कोणता पुरावा असणार? वेळ, यंत्र व साक्षीदार त्याच पाळीत लिहून घ्यावेत.

उत्तर ३: टाक्यांचे पैसे किरकोळ रोखीतून दिले असल्यास त्याचेही व्हाउचर करावे, ‘इतर खर्च’ म्हणून ते दडपू नये.