मदत हवी आहे: बाँडच्या नावाखाली कंपनीने मूळ मार्कशीट अडवल्यात

मी सोलापूरचा, पुण्यात एका खासगी आयटी कंपनीत होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, त्याचं निर्यातीचं काम बघायला परत यायचं ठरवलंय. नोटीस पिरियड पूर्ण केला. आता एचआर म्हणतं, २ वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड (लेखी करार) मोडलात, ट्रेनिंगच्या खर्चाचे दीड लाख भरा, मगच मार्कशीट आणि रिलीव्हिंग लेटर. ट्रेनिंग म्हणजे काय, तर जुने व्हिडिओ बघत बसणं. एरवी मात्र आपण सगळे एक कुटुंब!

मेलवर खर्चाचा हिशोब मागितला, उत्तर नाही. मार्कशीट जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ लाखांचा बाँड वैध ठरवला, हे माहीत आहे. पण ती सरकारी बँक, तिथला भरतीचा खर्चच वेगळा. वाजवी रक्कम द्यायची तयारी आहे, कोर्टात वर्षं घालवायची नाही. डुप्लिकेट काढ म्हणू नका, कागद हरवल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र मी करणार नाही.

कुणी हे निस्तरलंय का? सोलापुरातल्या वकिलाची नोटीस पुरते, की पुण्यातच पोलिसांत तक्रार द्यावी लागेल?