डावा इंडिकेटर अधूनमधून लुकलुकायचा थांबतो

प्रश्न: माझ्या जुन्या, फायबरग्लास बॉडीच्या स्पोर्ट्स कारचा डावा इंडिकेटर कधी नीट चालतो, तर कधी नुसताच पेटून राहतो. उजवी बाजू निर्दोष आहे, हॅझर्डही (चारही इंडिकेटर एकदम) चालतो. फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) बदलूनही फरक पडलेला नाही. पुढे काय तपासावे?

उत्तर १: उजवी बाजू त्याच रिलेवर चालत असल्याने तो बदलण्याची घाई झाली, असे वाटते. 21 वॉटचा बल्ब 12 व्होल्टला सुमारे 1.75 अँपिअर प्रवाह घेतो आणि जुन्या थर्मल (प्रवाहाच्या उष्णतेवर चालणाऱ्या) रिलेची लय याच प्रवाहावर अवलंबून असते. हॅझर्डमध्ये चार दिव्यांचा भार असल्यामुळे एका दिव्याची कमजोर जोडणी झाकली जाते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी) स्वतंत्र वायर असते आणि तिचे टोक गंजले की असा लपंडाव सुरू होतो. दिवा पेटलेला असताना होल्डर आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मल्टिमीटर लावा, 0.2 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसल्यास दोष अर्थमध्ये आहे.

उत्तर २: अर्थ ठीक निघाल्यास स्टिअरिंगजवळचा स्विच पाहावा. दांडी डावीकडच्या स्थितीत हलकेच दाबून धरल्यावर लय सुधारली, तर आतले संपर्क झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

प्रश्नकर्ता: मागच्या होल्डरवर 1.3 व्होल्ट दिसले. टोक घासून नवा लग (वायरच्या टोकाची धातूची जोडणी) बसवला. आता इंडिकेटर नियमित चालतो. जुना रिलेही परत लावला आहे.