मदत हवी आहे : 'मास्टर ऑफ ओरायन २' चार घरांतून एकत्र कसा खेळता येईल?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र, सगळे साठी ओलांडलेले. मी इंदूरला राजेंद्रनगरात, एक जण इथेच रामबागेत, एक ग्वाल्हेरला लष्कर भागात आणि एक मुलाकडे बडोद्याला. 'मास्टर ऑफ ओरायन २' आम्हाला पुन्हा एकत्र खेळायचा आहे. तोच, सिमटेक्स कंपनीचा १९९६ चा, ग्रहांवर वसाहती करून अंतराळात साम्राज्य उभारायचा काँप्युटरवरचा खेळ.

त्या काळी एकाच काँप्युटरवर पाळीपाळीने खेळायचो. एकाची चाल चालू असली की बाकीच्यांनी गॅलरीत जायचं, पडद्याकडे बघायचं नाही, हा कडक नियम. दर डावाला आकाशगंगा नवी, म्हणून ग्वाल्हेरकर चौकटीच्या वहीत पेन्सिलीने तारे मांडायचा: कोणता कोणाचा, कुठल्या ग्रहावर खनिजं भरपूर, कुठे राक्षस बसलाय. एका पानावर तर "इथे जाऊ नये" असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय. ती वही त्याने अजून जपून ठेवली आहे.

आता अडचणी. बडोद्याच्या मित्राला मध्यंतरी अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलणं स्वच्छ, डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख, पण उजवा हात अजून हळू चालतो. त्यामुळे घाई करायला लावणारा खेळ अजिबात नको. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर त्रास देतं. रामबागेतल्या मित्राचा लॅपटॉप अगदी साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

घरातली मुलं म्हणतात स्टेलारिस हा त्याच धर्तीचा नवा खेळ घ्या. जुनाच खेळ विंडोज ११ वर चालेल का, आणि चार घरांतून एकत्र खेळता येईल का? जाणकारांनी सांगावं. खेळ जुना असो की नवा, बडोद्याच्या मित्राला त्यात बरोबरीने बसता आलं पाहिजे, एवढीच अट.

अलकापुरी (बडोदा)

काका, नमस्कार. धागा वाचून फार आनंद झाला. मीही त्याच पिढीतला, ओरायनमधला क्लॅकॉन वंश घेऊन कारखाने उभारणारा.

चालतो, आणि छान चालतो. जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर पहिला आणि दुसरा भाग एकत्र विकत मिळतात, डॉसबॉक्स (डॉसचे जुने खेळ आजच्या विंडोजवर चालवणारा प्रोग्राम) त्यातच बसवून दिलेला असतो. साध्या लॅपटॉपला काही जड जात नाही. डोळ्यांचं म्हणाल तर इथे जुना खेळच तुमच्या बाजूने आहे. त्याचं चित्र ६४० बाय ४८० चं, म्हणजे पूर्ण पडद्यावर घेतलं की अक्षरं आपोआप मोठी होतात. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, मग चष्माही लागणार नाही कदाचित.

स्टेलारिस मी मनापासून खेळतो, २०१६ मध्ये आला तेव्हापासून. पण तुमच्या मंडळींसाठी नको. त्यात घड्याळ सतत पळत असतं. थांबवता येतं, पण चौघांत कोणी ना कोणी सारखं थांबवत राहणार आणि ज्याच्यासाठी थांबवायचं त्याला अवघडल्यासारखं होणार. शिवाय डाव लांबला की साधा लॅपटॉप धापा टाकायला लागतो.

शुक्रतारा (इंदूर)

राजेंद्रनगरकर, चार घरांतून खेळणंही जमतं. खेळात आयपीएक्स या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कची सोय मुळातच आहे आणि डॉसबॉक्स ते इंटरनेटवरून वाहून नेतं. माझे भाऊ आणि मी असंच खेळतो.

सगळ्यांनी डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये आयपीएक्स चालू करायचं. मग एकाने खेळ सुरू करण्याआधी 'आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर' ही आज्ञा द्यायची, बाकी तिघांनी 'आयपीएक्सनेट कनेक्ट' आणि पुढे त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या काँप्युटरचा नेटवरचा पत्ता. खरी मेख इथे आहे: घरगुती नेटवर बहुतेक वेळा स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून कोणी तुमच्या घरापर्यंत पोहोचूच शकत नाही. उपाय सोपा आहे. झीरोटियर किंवा रॅडमिन व्हीपीएन हे लांबचे काँप्युटर जोडणारं सॉफ्टवेअर चौघांच्या मशीनवर टाका, एक खासगी नेटवर्क बनवा आणि तिथे मिळालेला पत्ता वापरा. हे एकदाच करावं लागतं.

आणखी एक, खेळाची आवृत्ती चौघांची एकच हवी. अधिकृत शेवटची १.३१. चाहत्यांनी बनवलेली १.५० सुद्धा चांगली आहे, पण घेतली तर चौघांनीही घ्या, नाहीतर डाव मध्येच तुटतो.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

ताई, अलकापुरी, दोघांचे मनापासून आभार. नेटवर्कवर चाल कशी होते? बडोद्याचा मित्र चाल खेळत असताना आम्ही नुसते ताटकळत बसलो तर त्याला ते लागेल. तो तसं बोलून दाखवणार नाही, पण मी त्याला ओळखतो.

शुक्रतारा (इंदूर)

नेटवर्कवर सगळे एकाच वेळी आपापली चाल आखतात, आणि सगळ्यांनी 'टर्न' दाबलं की पुढची पाळी सुरू. गॅलरीत जायची गरज नाही. सुरुवातीला वसाहती कमी असतात तेव्हा चाल झटपट होते; नंतर जो जास्त पसरलाय त्यालाच वेळ लागतो. म्हणजे तुमचे मित्र उशीर करत असतील तर बहुधा ते जिंकत असतील!

माझी एक सूचना. आमच्या आईचे हात थरथरायला लागले तेव्हा ती पत्त्यांच्या डावात बोलून पान सांगायची आणि माझी मुलगी ते टाकायची. बडोद्याला घरात नातवंडं असतील तर त्यांना माऊसवर बसवा. आजोबांनी सांगायचं, "त्या पिवळ्या ताऱ्यावर वसाहत, इथे संशोधन," आणि नातवाने क्लिक करायचं. डोकं आजोबांचंच चालतं, आणि पोरगं खेळ शिकतं. लढाई आली तर तिथे 'ऑटो'चं बटण आहेच.

लष्करी_बाणा (ग्वाल्हेर)

मी वेगळं सुचवतो. चौघांची वेळ जुळणं कठीण जात असेल तर 'प्लॅनेट्स नू' बघा. १९९२ च्या 'व्हीजीए प्लॅनेट्स'चा हा ब्राउझरमधला अवतार. ११ वंश, अवकाशाचा मोठा नकाशा, आणि आपली चाल आपल्या सोयीने खेळायची. टपालाने बुद्धिबळ खेळावं तसं. सकाळी फिरून आलात, चहा घेतला, चाल केली, संपलं. काही डाऊनलोड करायला नको, रामबागेतला लॅपटॉपही पुरेल.

फुकट हवं असेल तर 'फ्रीओरायन' आहे. ओरायनवरूनच प्रेरणा घेतलेला, मुक्त स्रोत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, अक्षरांचा आकार वाढवता येतो. पण शिकायला वेळ लागतो, आणि ओरायनच्या राजदूतांचे ते चेहरे त्यात नाहीत. माझ्या मते राजदूत नाहीत तर निम्मी मजा गेली.

आणि हो, लष्करातल्या त्या वहीचं एखादं पान इथे टाकायला सांगा की मित्राला! मी जवळच राहतो, बघायला येईन म्हणतो.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

रात्री चौघांचा व्हिडिओ कॉल झाला. बडोद्याला सगळं वाचून दाखवलं. नात सहावीत आहे, ती लगेच तयार झाली. तिचा पहिला प्रश्न होता, दगड खाणारे कोण? तर आजोबा तोच दगड खाणारा वंश, सिलिकॉइड, घेणार. अन्नाची चिंता नाही, प्रदूषणाची नाही, फक्त प्रजा सावकाश वाढते. तो म्हणाला, "मला तेच सोयीचं."

ठरलं ते असं. शुक्रतारा ताईंच्या पद्धतीने नेटवर्कवर, दर रविवारी दुपारी चहानंतर. आवृत्ती १.३१. आम्ही चौघे आणि काँप्युटरचे चार, कारण एका डावात आठच बसतात. पहिल्या डावात आपापसात युद्ध नाही, अंतारनांचे (खेळातल्या बाहेरून येणाऱ्या शत्रूंचे) हल्ले मात्र चालू ठेवायचे. रामबागकर सायलॉन हा वंश मागतोय. प्रत्येक पायरीवरचं सगळं तंत्रज्ञान त्यांना मिळतं, आपल्याला त्यातलं एक निवडावं लागतं, म्हणून ग्वाल्हेरकराचा विरोध आहे. तो वाद चालू आहे.

लष्करी_बाणा, वहीचा निरोप पोहोचवला. तो म्हणतो फोटो नको, घरीच या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आता एवढंच राहिलं: झीरोटियर रामबागेतल्या लॅपटॉपवर टाकताना विंडोज फायरवॉल परवानगी विचारतं. तिथे 'प्रायव्हेट' निवडायचं की 'पब्लिक'?

शुक्रतारा (इंदूर)

'प्रायव्हेट'. आणि नंतर डॉसबॉक्सलाही तीच परवानगी द्या, ते वेगळं विचारेल. रविवारी काही अडलं तर इथेच लिहा, मी दुपारी असते.