टँकमध्ये सगळंच बसत नाही
कोळसाखाणीतून उपसलेलं पाणी सेटलिंग टँकमध्ये (गाळ बसवायच्या टाकीत) थांबवलं की त्यातलं रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, खाली बसतं, मग वरचं पाणी नदीत सोडायला काय हरकत, असं म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. पाण्यात बेरियम हा धातू आहे का, यावर सगळं ठरतं. पोलंडमध्ये अप्पर सिलेशियाच्या कोळसाखाणींतून दोन प्रकारचं खारं पाणी निघतं, बेरियमवालं पाणी सल्फेटवाल्यात मिसळलं की बेरियम सल्फेटचा पांढरा साका होतो आणि रेडियम त्याच्याबरोबर बसतं, म्हणजे इकडे पुण्याजवळ वाघोलीत बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर थर चढतो ना तसंच, पाइपात नि नाल्यात, फक्त हा खरवडून कचऱ्यात टाकता येत नाही (रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण १६०० वर्षं!).

पण ज्या पाण्यात बेरियमच नाही ते टँकमध्ये कितीही थांबवा, रेडियम विरघळलेलंच राहतं आणि नदीतून लांबवर जातं. म्हणून तिथल्या पियास्त खाणीत १९९९ पासून जमिनीखालीच पाण्यात बेरियम क्लोराइड घालायला लागले, गाळ खालीच राहतो. अर्थात बेरियम क्लोराइड स्वतः विषारी, डोस जपूनच. वणी-चंद्रपूरकडच्या खाणींच्या पाण्याचे रिपोर्ट कोणाकडे असतील तर बेरियम आणि सल्फेटचे आकडे टाका, नुसत्या टीडीएसवरून (एकूण विरघळलेल्या क्षारांवरून) काही कळणार नाही.